उधन्याचा मुक्काम

नंदुरबारहून सुरतेकडे निघालं की तासाभरात नवापूर येतं. या स्टेशनातला एक बाक अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. गाडी थांबली की हौशी लोक मधल्या रेघेवर बसून फोटो काढून घेतात. त्या शनिवारी, २० जानेवारी २०२४ ला, माझ्या डब्यातला एक म्हातारा खिडकीतून हे बघत होता. तो शेजारणीला म्हणाला, "हद्द पाहाले उतरनात, अन् चहा प्यायचा राही गया." मीही उतरलो नाही. मांडीवर लहान बहिणीसाठी कळण्याचं पीठ होतं आणि खिशातला फोन सारखा थरथरत होता. भाच्याचे मेसेज येत होते. शेवटच्यात एवढंच होतं : "मामा, २८ तारीख पक्की ना?"

पुण्यात बालेवाडीला २८ जानेवारीच्या रविवारी इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी होणार होती. दुसरी ११ फेब्रुवारीला अहमदाबादला, तिसरी २५ फेब्रुवारीला बंगळूरला. सहा संघ होते, आणि मोटरसायकलीही ४५० सीसी, २५० सीसी आणि पोरांसाठी ८५ सीसी अशा. आयपीएलसारखी खेळाडूंची बोली लागलेली. भाच्याने मला हे फोनवर तीनदा सांगितलं होतं. माझ्या वयाच्या माणसाला धुळीत उड्या मारणाऱ्या मोटरसायकली पाहायला पुण्यापर्यंत का जायचं, हे मात्र एकदाही सांगितलं नव्हतं. मी हो म्हणालो त्याचं कारण वेगळं होतं. बहिणीने आदल्या आठवड्यात फोन करून म्हटलं होतं, "त्याले तूच समजाड, भाऊ. माले काई तो ऐकत नही."

व्यारा, बारडोली मागे पडलं आणि उधना आलं. गाडीतले निम्मे लोक इथेच उतरतात. फलाटावर अहिराणी ऐकू येते, आणि बाहेर पडलं की माग. उधना, लिंबायत, पांडेसरा हा सगळा भाग मागांच्या खडखडाटावर जगतो. खानदेशातल्या कितीतरी गावांतले तरुण इथे मागावर, भरतकामाच्या मशीनवर किंवा रिंग रोडच्या कापड बाजारात साड्यांचे गठ्ठे उचलत मोठे झाले. बहिणीच्या गल्लीत आवाज एवढा, की मी बोललो ते तिला कळत नव्हतं. तिला सवय असल्याने ती बोलली ते मात्र मला नीट कळलं. "बठ, दमी गया व्हशी."

उत्तरायण होऊन आठवडा झाला होता, पण विजेच्या तारांवर फाटके पतंग अजून लोंबत होते. त्यांच्याखाली २२ तारखेच्या अयोध्येच्या सोहळ्यासाठी लावलेल्या भगव्या पताका. रस्त्यावरच्या मोटरसायकलींना हँडलपासून उभी कमानीसारखी एक बारीक सळई बसवलेली दिसत होती. मांजा गळ्याला लागू नये म्हणून. संक्रांतीच्या दोन दिवसांत सुरतेत पोलीस उड्डाणपुलांवर दुचाकी चढूच देत नाहीत, इतका या मांजाचा धाक. मला त्या सळईचं फार कौतुक वाटलं. डोक्यावर हेल्मेट शंभरात दोघांच्या, पण गळ्यापुढे सळई जवळपास सगळ्यांच्या. माणूस कुठल्या मरणाला घाबरेल, याला काही हिशोब नाही.

भाचा उधना-मगदल्ला रोडवरच्या एका गॅरेजात काम करतो. संध्याकाळी आला तेव्हा कोपरापर्यंत काळा होता. जेवायला शेवभाजी होती आणि भरीत होतं, पण त्याचं लक्ष ताटात नव्हतं. आदल्याच दिवशी सौदी अरेबियात डकार रॅली संपली होती. केरळातल्या शोरनूरच्या हरिथ नोआने त्यात रॅली-टू गट जिंकला होता आणि सगळ्या मोटरसायकलींत तो अकरावा आला होता. डकारमध्ये कुठलाही गट जिंकणारा हा पहिलाच भारतीय. "दोन आठवडे वाळवंटात, मामा. रोज शेकडो किलोमीटर. नुसता रस्ता शोधायलाच डोकं लागतं." २०१५ मध्ये सी. एस. संतोषने पहिल्यांदा डकार पूर्ण केली तेव्हा तो छत्तिसावा होता. नऊ वर्षांत छत्तिसाव्यावरून अकराव्यावर. आणि त्या संतोषचा संघ पुण्याला येणार होता. भाच्याच्या डोळ्यांत हे सगळं एका ओळीत होतं. बहिणीच्या डोळ्यांत दुसरंच काहीतरी होतं.

ते दुसरं डुमसचं होतं. सुरतेहून समुद्राकडे जाणारा डुमस रोड रुंद आहे, गुळगुळीत आहे, आणि रात्री बारानंतर जवळपास मोकळा असतो. शहराने एवढा चांगला रस्ता बांधला की पोरांना दुसरं काही सुचत नाही. मागच्या पावसाळ्यानंतर भाचा आणि त्याचे मित्र तिथे सापडले. दंड झाला, गाडी चार दिवस अडकली, आणि आईने आठवडाभर त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे डुमसचा काळ्या वाळूचा किनारा. तिथे लोक हौसेने मोटारी पाण्याजवळ नेतात, भरती आली की चाकं वाळूत बसतात, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. आमची तापी तिथेच समुद्राला मिळते. मुलताईहून निघालेलं पाणी, सगळा खानदेश ओलांडून आलेलं, शेवटी या पोरांची फजिती पाहायला येतं.

"डुमसला केलं ती शर्यत नव्हती," भाचा मला गच्चीवर म्हणाला. "तो गाढवपणा होता. म्हणून तर तुम्हाला पुण्याला न्यायचंय."

रविवारी सकाळी तो मला डिंडोलीच्या पुढे एका पडीक प्लॉटवर घेऊन गेला. शहरात सगळीकडे मेट्रोचं खोदकाम चालू होतं. कुठल्या तरी खोदकामातली मातीच तिथे आणून टाकलेली असावी, हारीने ढीग होते. पोरांनी फावड्यांनी त्यांना आकार दिला होता. एका ढिगाला चढ आणि सपाट माथा, पुढे दोन ढीग जोडून, आणि कडेला लहान लहान उंचवट्यांची एक लांब रांग. "हे हूप्स," भाचा म्हणाला. "आपल्या गावचा पावसाळ्यानंतरचा रस्ता, फक्त मुद्दाम केलेला." त्याची गाडी सेकंड हँड एक्सपल्स, दोनशे सीसी. शर्यतीच्या गाड्या यापेक्षा कितीतरी हलक्या असतात, त्यांना दिवे नसतात, आरसे नसतात, स्टँडसुद्धा नसतं. वजन एकशेदहा किलोच्या आसपास आणि ताकद पंचावन्न अश्वशक्तीच्या घरात. माझ्या वडिलांच्या चेतक स्कूटरची साडेसात होती, आणि आम्ही चौघं तिच्यावर बसत होतो.

वडिलांचा विषय इथे यायला कारण आहे. आमच्याकडे तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. एकमुखी दत्ताची यात्रा, आणि नदीच्या अंगाला घोडेच घोडे. वडील दरवर्षी जायचे आणि उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत घोडे पारखत हिंडायचे. घोडा त्यांनी जन्मात विकत घेतला नाही, तेवढी ऐपत नव्हती. पण भोवरे कुठे आहेत, पंचकल्याण खरा आहे की रंगवलेला, रेवाल चालीत पाठ किती हलते, हे ते व्यापाऱ्यांना सांगायचे आणि व्यापारी ऐकून घ्यायचे. पोरं घोडा पळताना पाहायला धावत, तेव्हा वडील मला धरून दुसऱ्या टोकाला उभं करायचे, जिथे घोडा थांबवतात तिथे. पळतो कसा ते सगळ्यांना दिसतं, पाय टेकतो कसा ते बघ, म्हणायचे. शेवटी त्यांनी घोड्याच्या नावाची स्कूटर घेतली, तीही हप्त्यांवर.

तर मी त्या प्लॉटवर आपोआपच ढिगाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. भाचा लांबून आला, चढावर गाडी उचलली गेली, आणि क्षणभर ती माझ्या डोळ्यांच्या उंचीवर होती. नाक जरा जास्तच वर होतं. मग हवेतच ते खाली आलं, आणि दोन्ही चाकं उतारावर जवळजवळ एकदम टेकली. मी विचारलं, हवेत काय केलंस? "मागचा ब्रेक मारला. हवेत मागचं चाक थांबवलं की नाक खाली येतं. ॲक्सिलेटर दिला की वर येतं." जमिनीला न टेकलेल्या गाडीला ब्रेक मारून सरळ करता येतं, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या उडीला तो उताराऐवजी सपाटीवर पडला. आवाजावरूनच कळलं. तो हसत परत आला, पण मनगट चोळत होता. तेही मी पाहिलं आणि बहिणीला सांगितलं नाही.

सुपरक्रॉसमध्ये वेग फार नसतो, हे मला तिथे समजलं. सरळ पट्टाच एवढासा असतो. स्टेडियमच्या आत शेकडो ट्रक माती टाकून हे सगळे उंचवटे उभे करायचे, आणि शर्यत संपली की पुन्हा उचलून न्यायचे. सुरुवातीला स्वारांसमोर लोखंडी फाटकं असतात, ती पुढे नाही पडत, स्वाराच्या अंगाकडे पडतात. उतावळेपणा केला की पुढचं चाक त्यातच अडकून बसतं आणि बाकीचे निघून जातात. आमच्या बैलगाड्यांच्या शर्यतीत झेंडा पडायच्या आधी बैल सुटले की जो गोंधळ होतो, तो इथे लोखंडानेच मिटवला आहे. पहिल्या वळणावर जो पुढे निघाला त्याचं अर्धं काम झालं, कारण त्यानंतर बाकीच्यांनी त्याची धूळ खायची.

हा खेळ इंग्लंडातला. १९२४ मध्ये कॅम्बर्लीच्या माळावर त्याची पहिली शर्यत झाली, म्हणजे २०२४ मध्ये त्याला शंभर वर्षं होतात. स्टेडियमातला सुपरक्रॉस म्हणून तो रुजला तो अमेरिकेत. १९७२ च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या कोलिझियममध्ये माती ओतली, आणि मार्टी ट्राइप्स नावाचा सोळा वर्षांचा पोरगा जिंकून गेला. भाच्याने हे फार अभिमानाने सांगितलं, पण मी मधेच अडकलो. १९७२ म्हटलं की आमच्या पिढीला एकच गोष्ट आठवते. तेव्हा महाराष्ट्रातही लोक ढीगच रचत होते, दुष्काळी कामावरच्या खडीचे. माझी आई त्यात होती. त्याच वर्षी पुण्यात बजाजने चेतक काढली. एकाच वर्षी कुठे करमणुकीसाठी माती वाहिली जात होती, कुठे पोटासाठी. पुढचं काही मी त्याला बोललो नाही. त्याने ती माती बघितलेली नाही, आणि त्यात त्याचा काय दोष.

दुपारी त्याने मला अडाजणला पोंक खायला नेलं. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण सुरतकर तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर इतक्या बडेजावाने खातात की हुरड्याला स्वतःचीच ओळख पटू नये. नंतर कोल्ड कोको. ते या शहराचं खास पेय, दाट आणि गार, आणि थंडीतही लोक ते रांगेत उभे राहून पितात. सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण असं गुजरातीत म्हणतात. काशीचं माहीत नाही.

संध्याकाळी बहिणीचा घरमालक येऊन बसला. गोड माणूस, कापडाचा दलाल. मी कुठला, कशाला आलो वगैरे झाल्यावर डोळे मिचकावत म्हणाला, "जानेवारीत तुमची माणसं उधन्याला आली की आम्हाला जरा भीतीच वाटते." मी हसलो. हे खरंच आहे. १६६४ च्या जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात शिवाजी महाराज अचानक गणदेवीवरून उधन्यापर्यंत आले, आणि इथूनच त्यांनी सुरतेच्या सुभेदाराला निरोप पाठवला, की मोठ्या व्यापाऱ्यांना घेऊन भेटायला या. सुभेदार इनायतखान भेटायला न येता किल्ल्यात जाऊन बसला. महाराजांनी बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेरच्या बागेत तळ दिला. तो बुऱ्हाणपूरचा रस्ता म्हणजे आमचाच, तापीकाठाने खानदेशात जाणारा. मला नेहमी वाटतं, त्या स्वारीत तलवारीपेक्षा घोड्यांचं काम मोठं होतं. एवढ्या लांबून, डोंगर उतरून, बातमी फुटायच्या आत इथवर पोचायचं आणि तितक्याच चपळाईने परत फिरायचं. घोडदळ चार हजारांचं होतं म्हणतात. मी मनात भागाकार केला. पंचावन्न अश्वशक्तीच्या त्र्याहत्तर मोटरसायकली. हिशोब अगदीच पोरकट, पण एकदा केला की डोक्यातून जाईना.

घरमालकाला उत्तर बहिणीने दिलं. आतूनच, चहा गाळता गाळता. "शेठ, तेव्हाचं सगळं तुम्ही भाड्यात वसूल केलं की आमच्याकडून." तो इतका हसला की चहा बशीत सांडला.

तो गेल्यावर भाच्याने मोबाईलवर संघांची यादी काढली. गुजरात ट्रेलब्लेझर्स, मोहितेज रेसिंग, बिगरॉक, बंगळूर आरएक्स, आणखी दोन. "तुम्ही कोणाकडून?" कोल्हापुरात मोहित्यांचा कार्टिंगचा ट्रॅक आहे एवढं मला माहीत होतं, तेवढ्यावर मी मोहित्यांचं नाव घेतलं. तो गुजरातकडून. जन्म सुरतेचा, शाळा सुरतेची, तारीख-वार गुजरातीत मोजतो, माझ्याशी मराठी आणि आईशी अहिराणी. त्याला यात काही विचित्र वाटत नव्हतं, आणि खरं तर मलाही वाटायचं कारण नव्हतं. फक्त पुण्याच्या मैदानात पुण्याचा स्वार ऋग्वेद बारगुजे उतरला की तू काय करशील, असं मी विचारलं. त्यावर तो विचारात पडला. "टाळ्या वाजवीन," म्हणाला. "पण उभा नाही राहणार."

आणि मैदानाचं नाव श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. ते आठवलं तेव्हा मला एकट्यालाच गंमत वाटली.

रात्री बहीण माझ्याजवळ येऊन बसली. समजावलंस का, असं तिने विचारलं नाही, पण ती त्याचसाठी आली होती. मी तिला म्हणालो, रस्त्यावर तो गाडी चालवतो तेव्हा पुढून ट्रक येतो, गाय येते, कोणाचं पोर येतं. शर्यतीत सगळे एकाच दिशेने जातात, अंगावर छातीपासून गुडघ्यापर्यंत कवच असतं, पडला की झेंडा दाखवायला माणूस उभा असतो, बाजूला अँब्युलन्स असते, आणि परवान्याशिवाय आत सोडतच नाहीत. ती म्हणाली, "मग पडतस का नही?" पडतात, मी म्हणालो. संतोषच २०२१ च्या डकारमध्ये असा पडला होता की त्याला बेशुद्धीतच ठेवावं लागलं होतं. हे मी बोलायला नको होतं. पण तिच्याशी खोटं बोललो असतो तर ती पुन्हा कधी मला फोन करून समजाड म्हणाली नसती. ती बराच वेळ गप्प होती. मागांचा आवाज चालूच होता. मग तिने विचारलं, "तो पडना का आज? हात चोळत व्हता." म्हणजे तिने पाहिलं होतं. पाय टेकतो कसा ते बघायला वडिलांनी फक्त मलाच शिकवलं असं मी आजवर समजत होतो.

आज शनिवार, २७ तारीख. पुण्याची स्लीपर लक्झरी रात्री साडेआठला निघते आणि पहाटे बाणेरच्या बाजूला सोडते, म्हणजे बालेवाडी जवळच. तिकिटं दोन, वरच्या बर्थची, कारण खालच्या आधीच गेल्या होत्या. सव्वीस जानेवारीला जोडून आलेली सुट्टी, अर्धं सुरत कुठे ना कुठे निघालंय. भाच्याने सांगितल्याप्रमाणे धुळीसाठी मोठा रुमाल आणि कानात घालायला कापूस घेतलाय. उधन्यात आठवडा काढल्यावर कापसाची गरज पडेलसं वाटत नाही. बहिणीने दशम्या बांधून दिल्यात, तिखट शेव वेगळी. पहिल्या वळणाच्या जवळ बसायचं असं भाचा म्हणतो. मी त्याला म्हटलंय, मला मोठ्या उडीच्या पलीकडे जागा बघ, उताराच्या बाजूला, मग तू कुठेही बस.

त्याची गाडी खाली जिन्याजवळ लावली आहे. उत्तरायण संपून दोन आठवडे झाले, पण हँडलवरची सळई अजून तशीच आहे. तो काढायला गेला तेव्हा बहिणीने काढू दिली नाही. होळीपर्यंत राहू दे, म्हणाली. चावी तिने मागून घेतली आहे, सोमवारी परत मिळेल. आत्ता ती तिच्या पदराच्या गाठीत आहे.